शून्याची चूक

त्रेचाळीस अर्ज. एकेचाळिसांना उत्तरच नाही.
एकाने ‘प्रिय विद्यार्थी’ म्हणून नाकारलं,
आणि रॉदरहॅमहून एक ओळ :
मंगळवारी ये. जाड बूट घाल.

बूट फरहीनचे, एक नंबर मोठे,
पुढे मोजे कोंबलेले.
शेफील्डहून बस, काचेवर वाफ,
ओठांत घोकलेली उत्तरं –
माझी ताकद, माझं उणं,
पाच वर्षांनी मी कुठे असेन.

ग्लेनिसबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही.
तेलकट बाकावर एक पितळी झडप ठेवली,
शेजारी जुना व्हर्निअर.
‘मोज.’

मी आधी झडपेला हातच लावला नाही.
जबडे मिटले, उजेडाकडे धरले.
शून्यावर शून्य बसत नव्हतं.
दोन रेघा. केसभर.
‘हा खोटं बोलतोय,’ म्हटलं
आणि लगेच घशाशी आलं
घरभाडं, व्हिसा, ते त्रेचाळीस.

बाई हसल्या नाहीत.
खिशातून दुसरा व्हर्निअर काढला.
‘तो येणाऱ्यांसाठी ठेवलाय.
सोमवारी, सातला. चहा तुझ्याकडे.’

परतताना बसमध्ये
बूट काढून बसले.
उजव्या टाचेला फोड,
सहा मिलिमीटर असेल,
अंदाजाने.