जसे आहे, जेथे आहे

तिसऱ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात
विट्यातलं एक घर होतं:
दोन खोल्या, माडी, मागे यंत्रमागाची शेड,
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा,
राखीव किंमत आकड्यांत आणि अक्षरांत,
आणि मुंगीएवढ्या टायपात: जसे आहे, जेथे आहे.

भाच्याने त्याचा फोटो पाठवला पाटणला.
आपल्या कोयनेकडच्या नव्हे, नेपाळातल्या.
एकोणीस वर्षं मी तिथं सोनं गाळलं.
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, धुवायचा, पुन्हा भट्टीत घालायचा,
शेवटी मुशीच्या तळाशी मोहरीएवढा पिवळा थेंब.
आमच्या तालुक्यातल्या कितीतरी माड्या
असल्या केरावर चढल्यात.

सुनकेशरी म्हणाली, कोणाचं घर?
बँकेचं, मी म्हणालो.
बँकेचं कसं असेल?
बँक कुठं झोपते?

विक्रीच्या दाखल्यावर तिचं नाव घालता येईना.
परदेशी नागरिक, परवानगी लागेल, साहेब म्हणाले,
आणि पंचवीस टक्के तर उद्याच्या उद्या.
तेव्हा तिच्या बांगड्या
माझ्या एकट्याच्या नावावर घर झाल्या.
मीच त्या गाळल्या. वजन तिला सांगितलं नाही,
तिने विचारलंही नाही.

बँकेच्या माणसाने लाखेचं सील फोडलं.
मी सवयीने तुकडा उचलून हुंगला.
दारावरची नोटीस खळीने घट्ट बसलेली,
सुनकेशरीने गरम पाण्याने ती सोडवली;
सगळा मजकूर निघाला,
'शिंत्रे' तेवढं फळीला धरून राहिलं.

शेडमध्ये चार मागांचे सोळा बोल्ट
फरशीतून वर आलेले.
पहिल्या रात्री दोनदा ठेचकाळलो.
शेजारची हौसाक्का म्हणाली,
खटखट थांबल्यापासनं मला झोप न्हाई बघा,
तुमी काय लावणार हितं?

केर काढला. टाकवेना.
कापसाची पिंज, सुताची गुंतवळ,
तेलाने काळी झालेली माती, दोन पाट्या भरल्या.
मागच्या दारी जाळला, धुतला, मूस खरवडली.
धोट्याचं एक लोखंडी टोक. बाकी राख.
सोनं नव्हतं.
मला बरं वाटलं, का ते विचारू नका.

मोरीतल्या नळाला पाणी नव्हतं.
दोन प्लंबर येऊन गेले,
दोघेही म्हणाले, भिंत फोडावी लागेल.

मग एका संध्याकाळी सायकल धरून तो उभा.
स्टँड लावला नाही.
मी एकनाथ शिंत्रे, म्हणाला,
आणि उंबऱ्याकडे नाही, कौलांकडे बघत राहिला.
मोरीतला नळ उलटा फिरतो.
माझ्याच हातनं तसा बसलाय.
आन् माडीवर उत्तरेच्या भितीला खिळा मारू नका,
वायर हाय तिथनं.
लोकं म्हणली, बाई लई लांबनं आल्यात.
म्हणलं, त्यास्नी कळायचं न्हाई.

मला बोलायला काही सुचेना.
मुशीत शेवटी काय उरतं हे ओळखणारा मी,
नजर चोरून त्याच्या टायरांकडे बघत होतो.

सुनकेशरीने चहा आणला.
एक हात हँडलवर ठेवूनच तो प्यायला.
तिने तिच्या चार महिन्यांच्या मराठीत विचारलं,
तुम्ही आता कुठे?
हितंच. कराड रस्त्याला. भाड्यानं.
आणि पाणी? पाणी कधी येतो इथे?
तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला:
येतो न्हाई, येतं.
दिवसाआड. पहाटे चारला. टाकी भरून ठेवायची.

तो वळणावर दिसेनासा झाला
तरी रिकामा पेला तिच्या हातातच होता.
मग मोरीत जाऊन तिने नळ उलटा फिरवला.
आधी हवा खोकली,
मग तांबूस, मग पांढरं,
मग पाण्याच्या रंगाचं पाणी.
बादली लावायचं तिला सुचलंच नाही.

रात्री तिने मोबाइलवर चारचा गजर लावला.
येतं, येतं, असं पुटपुटत,
एक दिवस सोडून एक.