सात शब्दांच्या आत

मे महिना. पळसटोल्याला कुंदाताईच्या ओसरीत
तेंदूच्या पानांचा तुरट वास,
कोनाड्यात टीव्ही, टीव्हीत निळा हत्ती.

रुणाली साडेसहा वर्षांची.
डोळे पडद्यावर, हात पानांत.
पानावर पान, देठाला देठ,
सत्तर झाली की वाकाची गाठ.
मोजताना तिचे ओठही हलत नाहीत.

मावशी टीव्हीत लिहिते, एवढं तिला सांगितलंय.
"मंग तुह्यं अक्षर काऊन नाही दिसत?"
तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
मी कोणता कार्यक्रम लिहिते, ते मात्र
माझ्याच्यानं सांगवलं नाही.

पडद्यावर ससा म्हणतो,
"बालमित्रांनो, टोपलीत किती आंबे? चला, मोजू या!"
आणि थांबतो. तीन सेकंद.
ते तीन सेकंद माझे.
शहरातल्या गार खोलीत, लांब टेबलाशी बसून
मी ते कागदावर घातलेत.

नियमांचा कागद अजून पिशवीत आहे:
वाक्य सात शब्दांच्या आत.
प्रत्येक गोष्ट तीनदा.
दोन मिनिटांहून जास्त अंधार नको.
मरण नको. 'गेले' चालेल, पण गावाला.

तेवढ्या तीन सेकंदांत रुणालीनं
अडतीसची एक्केचाळीस पानं केली,
आणि सशाकडे बघत म्हणाली,
"पाचाच्या पुढं येत नाही वाटते बिचाऱ्याले."

मग तो भाग आला.
हत्तीचे आजोबा एका सकाळी दिसत नाहीत.
छोटा हत्ती विचारतो, आजोबा कुठे गेले?
आई म्हणते, "दूरच्या गावाला, ढगांपलीकडे.
तिथे खूप खूप ऊस आहे."
लगेच फुलपाखरं, लगेच गाणं.
त्या फुलपाखरांच्या रंगावरून
आम्ही दीड दिवस भांडलो होतो.

"खोटं बोलून रायली."
"कोण गं?"
"त्याची माय. आबाजी मेला ना त्याचा.
अन् त्याले ठाऊक हाय.
कान पाह्य ना त्याचे, कसे खाली पडले."

पडलेले कान मी लिहिले नव्हते.
कुणा चित्रकाराच्या हातून निसटले असतील,
किंवा आमच्या टेबलाची नजर चुकवून
त्यानं तेवढं खरं
मुद्दाम ठेवून दिलं असेल.

मागच्या हिवाळ्यात इकडे खरे हत्ती आले होते.
धानाचे पुंजणे उधळले,
गाव रात्रभर डबे बडवत राहिलं.
रुणाली बापाच्या खांद्यावर, टक्क जागी.
दोन मिनिटांहून कितीतरी जास्त अंधार
तिनं पाहून ठेवलाय.

मी म्हटलं, "मग माय खोटं का बोलते?"
तिनं पुडा भिंतीशी रचला, नवी पानं ओढली.
"तिले रडू येत असन. पोरापुढं रडाचं नसन."
"आणि तो? त्याला कळलंय, तर तो का हसतो?"
माझ्याकडे तिनं पहिल्यांदाच मान वळवली,
इतकं साधं कसं येत नाही, अशी.
"त्याले समजलं हे मायले समजू नाही म्हणून
तो बी फुलपाखराच्या मांगं धावते."

बारा शब्द. एका दमात.
गाठ मारता मारता.

मी गप्प. आतून कुंदाताईच्या
भांड्यांचा आवाज तेवढा.

ससा परत आला, कारण प्रत्येक गोष्ट तीनदा.
"सांगा बरं, किती आंबे?"
आणि रुणाली, सत्तराला न अडखळणारी रुणाली,
हातातलं पान खाली ठेवून
ओसरी दणाणेल अशी ओरडली,
"पाच!"

"तुला तर येतं. मग त्याला कशाला सांगतेस?"

"अवो," ती हळूच म्हणाली,
सशाला ऐकू जाऊ नये इतकी हळू,
"वाट पाहून रायला ना तो."