टाका

बार उघडायच्या आधीच फोस्को आपल्या सलूनच्या पायरीवर,
एका हातात फोन, ओठांत न पेटवलेली सिगारेट.
"एक ऐंशी," म्हणाला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
काल एक ब्याण्णव होता.

ज्या वर्षी कंपनीने आम्हाला बोनसऐवजी शेअर दिले
त्या वर्षी अठरा.
अठरा युरो! तीनशे शेअरची पावती मी
धुतलेल्या चादरींच्या घडीखाली ठेवली,
आणि चादरी बदलताना दर वेळी हात लावून पाहिली.

स्कांदिच्चीत आता सगळेच जाणकार.
फोस्को दाढी करता करता गिऱ्हाइकाला सांगतो,
पडलंय तेव्हाच घ्यावं.
त्याने चौदाला घेतले, नऊला घेतले, चारला पुन्हा घेतले.
म्हणतो, सरासरी खाली आली.
सरासरीबरोबर तूही रे बाबा.

औषधांच्या दुकानातल्या ग्वाल्तिएरीबाई म्हणतात,
सोनं कुजत नाही, नाव कुजत नाही.
लाभांश बंद होऊन तीन वर्षं झाली,
बाई अजून मे महिना लागला की पोस्टमनला कॉफी पाजतात.

भाचा इलारियो झुरिकहून फोनवर:
"मावशी, विकून टाक."
त्याच्यामागे कुणीतरी हसतं, कुणीतरी छापतं काहीतरी.

आणि टीव्हीवर मिलानचा तो विश्लेषक,
'घ्या'वरून 'धरा'वर, 'धरा'वरून 'तटस्थ'वर,
कठडा धरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
चीन थंडावला. नवा डिझायनर चुकला.
जुना डिझायनर गेला हे चुकलं.
नावातल्या शेवटच्या अक्षराची शेपटी छाटली,
सहा महिन्यांनी परत जोडली,
छाटायचे वेगळे पैसे, जोडायचे वेगळे.

मला कुणी विचारत नाही.
मी एकतीस वर्षं बॅगांचे बंद शिवले.
एका बंदाला चौऱ्याऐंशी टाके,
मेण लावलेला दोरा, दोन सुया,
एक इकडून निघायची, एक तिकडून,
मधल्या भोकात ओझरती भेट.

मग एका सोमवारी वरून कागद आला: बहात्तर.
पुढच्या वर्षी चौसष्ट,
आणि दोरा नवा, चकचकीत, मेण न मागणारा.
त्याच आठवड्यात भाव अकरा टक्के चढला.
खर्चाला शिस्त लागली, म्हणे.

तेव्हाच विकायला हवे होते.
बोटांना कळलं होतं.
मीच म्हटलं, घरातलं उसवलेलं
बाजारात कशाला दाखवा.

यंदा सभेला गेले, फ्लोरेन्सच्या हॉटेलात.
खुर्च्यांना पांढरे अभ्रे, कॉफी फुकट, पाणी दोन प्रकारचं.
माईक हातात आला तेव्हा विचारलं,
"एका बंदाला आता टाके किती?"
अध्यक्षांनी डावीकडच्याकडे पाहिलं,
डावीकडच्याने कागदाकडे,
मागे एक बाई खोकली.
"लेखी कळवू."
अजून कळवतायत.

त्याच दुपारी आवई उठली, पॅरिसचं कुणीतरी घेणार.
दोन दहा!
फोस्कोने एका बाजूचे केस कापलेला माणूस
आरशासमोर तसाच बसवून शंभर विकले.
रात्री एक चौऱ्याहत्तर.
सकाळी तो पुन्हा घेत होता.

विकून टाका, घेऊन टाका, विसरून टाका,
गावभर सगळ्यांच्या तोंडी टाका,
हातात कुणाच्याच नाही.

काल ग्वाल्तिएरीबाई आल्या,
कापडात गुंडाळलेली लग्नाच्या पंचविशीची बॅग घेऊन.
बंदाचे दोन टाके सुटलेले.
मी चष्मा पुसला, मोजले.
ब्याऐंशी जागच्या जागी.
माझेच होते; मी सुरुवातीला दोरा जरा जास्त ओढते.

मेण शोधायला कपाट उघडलं,
चादरी उचलल्या, पावती हाताला लागली, ठेवली.

"किती घेशील?" बाईंनी विचारलं.
म्हटलं, बसा.
दोन टाक्यांचा काय भाव करायचा.