दाबल्यावर की सोडल्यावर

झरीच्या पुढं, पंचेचाळीसला,
सुमोच्या पोटात काहीतरी बोलायला लागलं.
मागं अकरा माणसं, दोन कोंबड्या, कूलरची एक मोटर;
कुणाला काही ऐकू येईना.
मला मात्र बोरीपासून दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

परभणीत जिंतूर नाक्याला मुकर्रमभाईचा खड्डा.
वर पत्रा, भिंतीला टेकलेले जुने शाफ्ट,
लग्नाला आल्यासारखे, कुणी न विचारलेले.

मी म्हणालो, आवाज येतो.
"आवाज तो सबकोच आता. कैसा आता?"
घरघर, म्हणालो.
"घरघर कुणाची? जात्याची का मांजरीची?"

मी गप्प.
एकोणीस वर्षं गाडी चालवतोय
आणि एक आवाज तोंडानं काढता येईना.

"दाबल्यावर येतो का सोडल्यावर?"
दाबल्यावर गुंईऽ करत असंल तर पिनियन बघावं लागतं.
सोडल्यावर केलं तरी पिनियनच, पण दुसऱ्या अंगानं झिजलेलं.
वळणावर वाढला तर चाकाचं बेरिंग:
डावीकडं वळलास आणि ओरडलं तर उजवं धर,
भार त्याच्यावर येतो, म्हणून ते ओरडतं.
"और गेअर डालतेच एक खट्ट?"
हाव, खट्ट आहे. आणि सावकाश असताना, मी म्हणालो,
चिमणी.
"चिमणी कशी करती?"
मी चिमणीसारखा चिवचिवलो,
चहावाल्याचं पोरगं हसलं,
मुकर्रमभाई हसला नाही. माझ्या ओठांकडं बघत होता.

तेव्हा ध्यानात आलं.
ग्राइंडरनं त्याचे बारीक आवाज नेलेत.
आधी चिमण्या गेल्या, म्हणाला, मग कुकर.
जाडे राहिलेत अजून.

मागचा भाग घोड्यावर चढवला.
शेषेरावनं गाडी चालू करून दुसरा टाकला,
चाकं हवेत फिरायला लागली, कुठंच न जाणारी.
मुकर्रमभाईनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक
हौसिंगला लावलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
हाडातून ऐकत होता माणूस.

मग बंद करायची खूण. शाफ्ट हातानं हलवला:
इकडं, तिकडं, मधे नखाएवढी मोकळीक.
मागच्या क्रॉसच्या टोपीभोवती
तांबडा भुगा, सुक्या हळदीकुंकवासारखा.
"ही तुझी चिमणी. ग्रीस नहीं मिला उसको कबसे."

खोलण्याआधी खडूनं रेघ मारली,
अर्धी शाफ्टवर, अर्धी फ्लँजवर.
जसा होता तसाच बसला पाहिजे;
अर्धा फेरा जरी उलटा बसला
तर साठच्या पुढं सगळी गाडी कापायला लागती.
शेषेरावला दोनदा सांगितलं हे.

संध्याकाळी बायपासला फेरी मारली.
खट्ट गेलं. चिमणी गेली.
मुकर्रमभाई शेजारी, तळहात गेअरच्या दांड्यावर.
पन्नासला मी पाय काढला
आणि एक केसाएवढी गुंई राहिलेली ऐकली.
सांगावं का नको, करत होतो,
उगाच माणसाला त्याच्या कानाची आठवण.

"है," तोच म्हणाला. "थोडी है.
पिनियन का है. तेल बदल, चलती रहेगी.
जात्यासारखी झाली की ये."

आता रोज झरीच्या उतारावर
पाय सोडतो, परत दाबतो.
मागचे म्हणतात, कामून झटके देतोस रे?
मी त्यांना म्हणतो, जरा गप बसा.