चहाआधीचा तास

पाच वाजता गोळी, कणीएवढी.
मग तासभर चहा नाही.
खाली हर्णै बंदरात लिलावाची ओरड सुरू होते,
मी घड्याळापुढे.

दोन वर्षं सगळे म्हणाले, आळस.
कोळंबी सोलताना हात थांबायचे,
ओहोटीत चिखलाला टेकलेली होडी जशी.
भर वैशाखात मला गोधडी लागायची.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर बोटं ठेवली,
म्हणाल्या, गिळा.
आवंढा गिळला. त्यात बरंच काही होतं.

पन्नासची पंचाहत्तर झाली.
लोहाची गोळी दुपारी, वेगळी:
दोघी जावा, एका चुलीवर नकोत.
तरी सहा आठवडे पाय तेच, ओल्या जाळ्याचे.

काल रिकामी पाटी घेऊन पाखाडी चढले.
वर दाराशी पोचल्यावर लक्षात आलं,
मधल्या पायरीवर बसायचं
राहूनच गेलं.