एकतीस ते चव्वेचाळीस

वरच्या सहा रांगांत एकतीस ते चव्वेचाळीस
या खुर्च्याच नाहीत.
नवी पोरं तिकीट हातात धरून शोधत फिरतात
आणि शेवटी माझ्याकडे येतात,
कारण आकडे मी रंगवलेत.

आधी इथं स्टँड नव्हताच. राख होती.
ब्रॅकन गिरणीच्या बॉयलरची, रोज चौदा हातगाड्या.
क्लबच्या खिशात दमडी नव्हती,
त्यांनी ती गोलपोस्टमागे ओतून घेतली, फुकट.
पहिल्या हिवाळ्यात माणसं घोट्यापर्यंत रुतली.
पुढं राखच थकली, दगड झाली.

वाढत वाढत ती केझाया होलरॉइडच्या कुंपणाला टेकली.
आत बावीस कोंबड्या.
क्लबचा चिटणीस टोपी काढून तीनदा गेला.
तिसऱ्यांदा तिनं अर्धा डझन अंडी दिली
आणि दार लावून घेतलं.
झालं. खुराड्याला वळसा घालून स्टँड उभा राहिला,
दात पडलेल्या तोंडासारखा.

पाहुण्या संघाचे लोक चिडवायचे, क्वॉक क्वॉक.
एका शनिवारी आमच्याच लोकांनी तो आवाज आधी काढला,
चार हजार गळ्यांनी.
त्यांच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला.
तेव्हापासून हे खुराडं.

युद्धात इथं गिरणीतल्या बायका उभ्या राहायच्या.
त्यात माझी आई, बाहीला कापूस चिकटलेला.
खेळतंय कोण, तिला ठाऊकही नसायचं.
म्हणायची,
तार आलेल्या घरात ओरडता येत नाही रे.

छप्पर आलं सत्तावन्नला,
बंद पडलेल्या रेसकोर्सवरचं, सेकंडहँड.
गळायचं ते नेमकं पाद्री टॅटरसॉलच्या डोक्यावर.
त्यानं जागा बदलली नाही.
ओळखीचं पाणी आहे, म्हणायचा.

केझाया गेली. कोंबड्या त्याआधीच.
खाच बुजवायला पैसे आले, तेव्हा
बुजवू कोणी दिली नाही.

मग नियम आला: सगळ्यांनी बसायचं.
मी गुडघ्यांवर, पांढरा रंग, पत्र्याचा साचा.
तीसपर्यंत आलो. पुढं गवत.
उठलो, वळसा घातला,
पलीकडच्या पहिल्या खुर्चीवर पंचेचाळीस लिहिलं.
साहेब ओरडला. पुसायचे पैसे पगारातून कापले.
पुसलं मात्र कोणी नाही.

काल एका मुलीनं विचारलं,
बत्तीसचं तिकीट चुकून विकलं गेलं तर?
गेलंय एकदा.
माणूस अख्खा सामना त्या गवतात उभा होता.
दोन गोल छान दिसले म्हणाला.
झाले होते तीन.