चळत

गोलाणी मार्केटात, तळमजल्यावर, लेखूमलच्या दुकानी
शंभर चकत्यांची चळत मिळायची
काळ्या दांड्यावर ओवलेली.
कंपनीची बाराला एक, बिननावाची साडेसहाला.
"माल सेम आहे साहेब, फक्त छपाई नाही,"
हे तो कॅल्क्युलेटरकडे बघत म्हणायचा.

बामणोदचं वांगं मी नुसतं उचलून सांगतो
भरिताला चालेल, की आत बियाच बिया.
जितकं हलकं तितकं चांगलं.
चकती उचलून काय कळणार?
सगळ्या एकाच वजनाच्या,
सगळ्यांत माझंच तोंड,
जांभळट, जरासं लांबलेलं.

शितावरून भाताची परीक्षा, असं ऐकत आलो.
म्हणून वरची एक राइट मारून बघायचो, तळातली एक.
दोन्ही चालायच्या.
केळीच्या गाडीत कुठले घड वर रचतात
हे सावद्यात जन्मून मला ठाऊक असायला हवं होतं.

शंभरात सात-आठ तिथल्या तिथे मरायच्या.
ट्रे बाहेर यायचा, वेडावून दाखवल्यासारखा.
त्यांचा हिशेब मी धरला होता:
साडेसहाची सातला पडली, तरी पाच रुपये सुटले.
ज्या चालल्या
त्यांचा हिशेब धरला नव्हता.

एका लग्नाच्या तीन प्रती.
एक मुलीकडे, एक मुलाकडे,
एक माझ्या पत्र्याच्या दुकानात,
जिथे मे महिन्यात कुलूप उघडायला रुमाल लागतो.

परवा हेमांगी आली, बऱ्हाट्यांची.
सतरा वर्षं झाली लग्नाला.
"माझी अडकते, सासरची तर घेतच नाही.
तुमच्याकडची बघा ना.
दादांचा आवाज आहे तिच्यात.
बोलणं तसं काही नाही हो,
कुलरमध्ये पाणी टाका म्हणून ओरडताहेत."

कपाटातून काढली. शर्टाला पुसली, ट्यूबलाइटसमोर धरली.
टाचणीएवढी भोकं असतील, असं वाटलं होतं.
होतीही दोन-चार.
पण कडेने, गोल फिरत, जिथे मी लिहिलं होतं
चि. सौ. कां. हेमांगी,
तिथली चंदेरी साय अक्षराबरहुकूम सुटली होती
आणि तिच्या नावातून पलीकडची ट्यूब दिसत होती.

इतकी वर्षं मी लेखूमलला शिव्या घातल्या.
मार्कर त्याचा नव्हता.
मार्कर मी घेतला होता, इथूनच, जाड टोकाचा,
वास डोक्यात जाणारा,
नाव कधी पुसलं जाऊ नये म्हणून.

लावली. हळद नीट आली.
मांडव आला, मामेकुळं आलं, नवरदेवाचा रुसलेला भाऊ आला.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला दादा बऱ्हाटे
धोतराचा सोगा हातात धरून वळले,
"अरे, कुलरमधी पा..."
आणि त्यांच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले.

"पुन्हा लावा."

तीनदा तेच.
चौथ्या वेळी "पानी" पूर्ण आलं.
ती माझ्याकडे बघून हसली,
उधारी वसूल झाल्यासारखी.
पुढे नाही गेलं. अकरा वेळा लावली.
बाराव्यांदा तिनेच खालच्या आवाजात पुरं केलं,
"टाका रे कोनी तरी."
पत्र्यावर कबुतरं चालत होती तेवढाच आवाज मग.

"निघेल तेवढं उतरवून द्या," म्हणाली. "कशावर देता?"
चळतीत अजून चाळीसएक कोऱ्या होत्या, धूळ न बसलेल्या.
त्यांच्यावर मी बारदान ओढलं.
पेनड्राइव्ह काढला.

"हा किती वर्षं टिकतो?"

मी तो तळहातावर घेतला
आणि जरा तोलून पाहिला.